तिसरी टोचणी

नणंदेचं कौतुक ऐकायला कान लागतात आणि पचवायला पोट लागतं. थोरलीचे कान शाबूत होते. तक्रार होती ती पोटाची.

दोघींचं आडनाव एकच, म्हणून दवाखान्यातही सगळे त्यांना घरच्यासारखंच थोरली आणि धाकटी म्हणायचे. थोरली म्हणजे वहिनी, धाकटी तिच्या नवऱ्याची बहीण. नर्सिंगचा फॉर्म धाकटीसाठी थोरलीनंच भरला होता. रक्तदाब मोजायला स्वतःचा दंड दिला, परीक्षेला स्वतःच्या वह्या दिल्या. पोरगी पास झाली आणि थेट नवजात बाळांच्या कक्षात लागली! थोरली नऊ वर्षं मोठ्या माणसांच्या वॉर्डात घासत होती आणि त्यातली सहा वर्षं याच कक्षासाठी अर्ज करत होती. बाळंतिणींना काचेपलीकडची बाळं दाखवायला नेलं, की त्या परतल्या तरी ही तिथंच रेंगाळायची. म्हणजे शिडी हिनं धरायची आणि फळ दुसरीनं तोडायचं. अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय?

शेवटी तिचीही बदली झाली. "सहा महिने काम बघू, मग कायम करू," असं मोठ्या सिस्टरनी, म्हणजे त्या कक्षाच्या प्रमुखांनी, पहिल्याच दिवशी बजावलं.

थोरली कामाला वाघ होती. कोपरापर्यंत हात धुवून धुवून तिची कातडी फुटली. ओलं दुपटं तोलून बाळाला लघवी किती झाली ते ग्रॅममध्ये सांगायची, नळीतून दूध थेंबाथेंबानं सोडायची, पोटाच्या हालचालीवरून श्वास मोजायची. एकच गोष्ट जमेना, शीर शोधणं. दीड किलोच्या बाळाच्या हातावरची शीर दोऱ्याएवढी असते. धाकटी तळहाताखाली बारीक दिवा धरायची, क्षणभर बघायची आणि सुई आत. "धाकटीला बोलवा" हे कक्षातलं पालुपदच होऊन बसलं होतं. घरी यावं तर सासूबाई तयारच. "आमच्या पोरीच्या हाताला गुण आहे हो! तूही शिकशील हळूहळू." हे हळूहळू तर थोरलीला मिरचीसारखं झोंबायचं.

कक्षाचा एक नियम होता. एका बाळाला एका नर्सनं दोनदाच टोचायचं. नाही जमलं तर सुई खाली ठेवायची आणि दुसरीला हाक मारायची. प्रत्येक टोचणी तक्त्यावर लिहायची.

सहा महिने संपायला एक दिवस उरला होता. दुपारी दीडच्या सुमाराला, ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्यांपैकी पाचव्या पेटीतल्या बाळाची सलाइनची सुई निसटली. बाळ बाराशे ग्रॅमचं. थोरलीनं डाव्या हाताला टोचलं, नाही मिळाली. पायाला टोचलं, तिथंही नाही. बाळ तोंड वाकडं करून रडलं; आवाज मांजराच्या पिलाएवढा.

दोन झाल्या. दहा पावलांवर धाकटी दोनच्या पाळीसाठी लवकर येऊन हात धूत होती. हाक मारली की काम झालं असतं. पण उद्या आपली कायम झाल्याची चिठ्ठी निघणार आणि आज पुन्हा 'धाकटीला बोलवा'? थोरलीनं ओठ घट्ट मिटले आणि उजव्या हाताला तिसऱ्यांदा टोचलं.

आणि काय सांगावं, शीर मिळाली! आनंदाच्या भरात तिनं तक्त्यावर लिहून टाकलं, 'दोन'.

दोन वाजता धाकटीनं बाळ ताब्यात घेतलं. तिनं हात पाहिले, पाय पाहिला, तक्ता पाहिला.

"दोनच ना, वहिनी?"

"दोनच."

धाकटीनं सही केली.

थोरली कोपऱ्यात बाकीचे तक्ते पुरे करत बसली होती, तेवढ्यात मोठ्या सिस्टर फेरीला आल्या. पाचव्या पेटीपाशी थांबल्या. कातडी इतकी पातळ, की निळे डाग लपतात कुठं?

"ताजे तीन दिसतायत. लिहिलेत दोन," त्या धाकटीला म्हणाल्या. "ताबा घेतल्यावर तू टोचलंस? आणि लिहिलं नाहीस? हात चांगला आहे म्हणून डोक्यात हवा गेली का गं?"

धाकटी खाली मान घालून उभी राहिली.

खोटं कशाला सांगा, थोरलीच्या मनात उकळ्या फुटल्या. वर्षभर जे ऐकायला कान आसुसले होते, ते आज फुकटात ऐकायला मिळत होतं. मोठ्या सिस्टर बोलत होत्या आणि हिला वाटत होतं, अजून बोला, थांबू नका.

मग धाकटीनं हळूच मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बसा.

म्हणजे हिला माहीत होतं! तिसरी टोचणी कुणाची ते माहीत असून, वहिनीची नोकरी पक्की व्हावी म्हणून ही बोलणी खात होती. थोरलीच्या उकळ्या जागच्या जागी थंड झाल्या. शीर हिला सापडणार, सासूबाईंचं कौतुक हिला, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच? जन्मभर या पोरीच्या उपकाराखाली राहायचं? छे!

ती खुर्ची सरकवून उठली.

"तिसरी माझी आहे, सिस्टर. खोटं मी लिहिलंय."

मोठ्या सिस्टरनी चष्मा काढला. "ती दहा पावलांवर हात धूत होती, पाहिलं मी. हाक का नाही मारलीस?"

"जळते मी तिच्यावर," थोरली म्हणाली. म्हणताना कान तापले, पण शब्द निघून गेला होता. "आणि माझ्या जळण्यापायी बाळाला एक जास्तीची टोचणी बसली."

मोठ्या सिस्टरनी चष्मा पुन्हा चढवला आणि तक्त्यावरचं 'दोन' खोडून 'तीन' लिहिलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून जुन्या वॉर्डात. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज कर. वाचेन मी."

जिन्यात धाकटी मागून धावत आली. तिचे डोळे भरले होते.

"वहिनी, कशाला बोललात? मी सांभाळून घेतलं असतं ना!"

"म्हणूनच बोलले," थोरली म्हणाली. "आता वर जा. पाचव्या पेटीतल्या बाळाच्या दुधाची वेळ झालीय."