अवीचा निरोप

हे मी आजवर झोपेतसुद्धा बरळले नाही. आणि मी झोपेत बरळते हे आमच्या बिल्डिंगलाही माहीत आहे. तेव्हा बघा, केवढ्या बंदोबस्तात ठेवलं असेल. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही आमच्याकडे चहाला येणार नाही म्हणून. माझ्या मुलाला, अवीला, तुम्ही ओळखत नाही. नातीला, यशूला, तर नाहीच. म्हणून धीर होतोय. एरवी मी धीराची बाई नाही, नुसती तोंडाची आहे.

आधी थोडी बढाई ऐका. तरुणपणी मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, केसांत अबोली आणि डोक्यात हवा. साहेब समोर पेपर वाचत असायचे आणि मी "साहेब प्लांटवर गेलेत हं" असं इतक्या गोड गळ्याने सांगायची, की पलीकडचा बिचारा उलट मलाच थँक्यू म्हणायचा. दोघांचं बोलणं जोडून दिलं की ऑपरेटरने लाइनवरून उतरायचं असतं. मी उतरायची नाही. कोणाचं लग्न फिसकटलं, कोणाचं कोणाशी जुळलं, सगळं ऐकत बसायची. पण एक होतं — कोणाचा निरोप मी कधी फिरवला नाही. शब्दाला शब्द पोचवायची. त्याचा भारी माज होता मला. येडपट कुठली! खरी परीक्षा तर म्हातारपणी व्हायची होती.

आमच्या घरात तीनच माणसं. नवी मुंबईत शिरवण्याला लागून वन बीएचके — हॉलमध्ये अवी, आतल्या खोलीत यशू आणि मी. यशू लहान असतानाच सूनबाई गेली. अवी कळंबोलीला लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे मॅनेजर. दिवसभर पत्रे आदळतात, ट्रकवाले ओरडतात, त्यात राहून त्याला हळू बोलायची सवयच राहिली नाही. "भाजी छान झालीय" हेसुद्धा तो भांडल्यासारखं सांगतो. लहानगी यशू दचकायची. म्हणून मी मधे उभी राहिले. "आजी, पप्पांना विचार ना, पिकनिकला जाऊ का?" तो हातपाय धुऊन चहाला बसला की मी विचारायची आणि त्याचं "जाऊ दे की!" आवाज कमी करून आत पोचवायची. पुढे पोरगी मोठी झाली, दचकायची थांबली, पण ही वहिवाट तशीच राहिली. घरातल्या घरात माझं एक्स्चेंज चालू.

दोघांचं एकच काम माझ्याशिवाय व्हायचं. रविवारी सकाळी अवी तिला उरणजवळ द्रोणागिरीला गाडी शिकवायला न्यायचा. तिकडे रस्ते रुंद आणि रिकामे, धडकायला काही नाही. गाडीच्या मागच्या काचेवर त्याने लाल एल हौसेने चिकटवला होता. परत आली की दोघं हसत असायची. कशावर, ते मला कोणी सांगायचं नाही. मला राग यायचा का? यायचा. आता कबूल करायलाच बसलेय, तर तेही घ्या.

मग यशूला एका परदेशी इन्व्हेस्टमेंट बँकेत इंटर्नशिप लागली. घरात बसून. लॉकडाऊन उठलं होतं, पण ह्या लोकांनी पोरांना घरातच ठेवलं होतं. बँक म्हटल्यावर मी विचारलं, पासबुक भरतेस का गं? ती हसली. कुठली कंपनी कुठली कंपनी गिळणार, गिळली तर पचेल का, ह्याचे आकडे मांडायचे आणि त्याची देखणी पानं करायची, असं ते काम. पान पाठवलं की वरचा साहेब लाल खुणा करून परत पाठवी — हा चौकोन जरा डावीकडे घ्या. घेतला, की त्याच्यावरचा साहेब म्हणे उजवीकडे. एकाची सकाळ तेव्हा दुसऱ्याची संध्याकाळ, आणि आमच्या पोरीला दोन्ही चालू. लोकांना गेटाचा तुरुंग असतो, हिचा मांडीवर मावणारा होता.

आणि त्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका. माणूस जागेवर आहे ह्याची खूण. जरा हात थांबला की पिवळा. पिवळा झाला की मेसेज: आहेस ना? म्हणून ती आंघोळीला गेली की मी खुर्चीत बसून माउस हलवायची. एकदा हलवता हलवता मीटिंगमध्येच घुसले आणि सगळ्या जगाला माझे घासून काळे झालेले दात दिसले. मिश्री लावत होते ना! यशू आतून ओरडतेय, "आजी, बंद कर, बंद कर!" मी मात्र हात हलवून टाटा केला.

हसलात? मीही हसायची. पण घर आवळत चाललं होतं. कुकर लावायचा नाही, शिट्टी ऐकू जाते. मिक्सर बंद. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला, माझी दुपारची झोप गेली. ती ताटातला भात कडक होईपर्यंत विसरायची. फणी केसांनी भरून यायची. रविवारही गेले. अवी किल्ली फिरवत दारापर्यंत यायचा, तिचा कॉल चालू आहे हे बघून किल्ली परत खिळ्याला लावायचा.

हे सगळं मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता — मी उगाच आजूबाजूला फिरतेय, तुमच्या लक्षात आलं असेल. सांगते.

एका दुपारी मी पोळ्या लाटत होते. यशू आली आणि ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आजी, माझ्याच्याने नाही होत. सोडू का? पप्पांना विचारशील? ते हो म्हणाले तर आजच मेल टाकते." आणि लगेच आत पळाली — ठिपका!

संध्याकाळी अवी आला. चहा ठेवला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला — आणि जन्मात पहिल्यांदा हळू म्हणाला — "आई, यशू किती वाळलीय गं. तिला सांग, नको वाटत असेल तर सोडून दे म्हणावं. पप्पा आहेत. मी बोललो तर ओरडल्यासारखं वाटेल, तूच सांग."

सरळ होतं ना? पाच पावलांवर खोली. निरोप जसाच्या तसा न्यायचा. आयुष्यभर तेच तर केलं होतं.

पण येत्या पौर्णिमेला विहारातल्या आमच्या महिला मंडळाने यशूचा सत्कार ठेवला होता. ठेवला म्हणजे, मीच ठेवायला लावला होता. "परदेशी बँकेत आमची पोर" असं सांगून सांगून मी बायकांचे कान किटवले होते. मोरपंखी साडीला फॉल लावून झाला होता. आता काय सांगू, सोडली म्हणून?

मी आत गेले. यशूने हेडफोन एका कानावरून काढला. मी म्हटलं, "पप्पा नाही म्हणाले. म्हणाले, हातातलं अर्धं टाकून मला मान खाली घालायला लावू नकोस."

माझाच तो गोड गळा. साहेब प्लांटवर गेलेत हं.

 ती एवढंच म्हणाली, "त्यांना मान माझ्यापेक्षा मोठी आहे, नाही का?" मी काय केलं माहिती आहे? मी तिच्या टेबलावरचा कप उचलला आणि धुवायला नेला. बाहेर अवी वाट बघत होता. त्याला सांगितलं, "नाही म्हणते. आवडतंय म्हणते तिला." तो इतका खूश झाला! म्हणाला, "आपल्यावर गेलीय. चिवट."

पौर्णिमेला यशूला सुट्टी मिळाली नाही. शाल आणि गुच्छ तिच्या वतीने मी घेतला. फोटोत मी फार छान आलेय.

पुढे तिला तिथेच पक्की नोकरी लागली. आता सिंगापुरात आहे. तेच काम, तोच ठिपका, माउस हलवायला मात्र कोणी नाही. जायच्या आधी अवीने मला विचारायला लावलं, रविवारी द्रोणागिरीला एक चक्कर मारू या का म्हणून. हा निरोप मी इमानदारीत पोचवला. ती म्हणाली, "नको. त्यांना सांग, मला काम आहे."

फोन मला येतो. अवीशी ती बोलते — हो, जेवले, बरी आहे, ठेवते. मग तो मला विचारतो, "माझं काही विचारत होती?" मी म्हणते, "विचारत होती ना, पप्पा बीपीची गोळी वेळेवर घेतात का म्हणून." तिने विचारलेलं नसतं. तिला सांगते, पप्पा तुझी फार आठवण काढतात. ते खरं असतं, आणि नेमकं तेच तिला खोटं वाटतं. एकाला खरं सांगावं तर दोघांनाही कळणार. मग मी कोणाच्या घरात राहू? — हे कारण नाही. भित्रेपणा आहे, माझा, सत्तरी उलटून गेलेला.

गाडीवरचा तो लाल एल अजून तसाच आहे. उन्हाने गुलाबी पडलाय. परवा सिग्नलला एका रिक्षावाल्याने अवीला हटकलं, "काय काका, अजून शिकताय?" घरी येऊन त्याने मला हे सांगितलं, नेहमीच्या दणदणीत आवाजात, आणि हसला.

मीही हसले. चहा ओतला, त्याच्यापुढे ठेवला, आणि त्याने माझा मोबाइल माझ्याकडे सरकवला — यशूच्या फोनची वेळ झाली होती.