सव्वा मुठीत मावलेला बँड

खानदेशात कधी जावं असं विचारलं की लोक हिवाळा सांगतात, भरितासाठी. मी श्रावण सांगते. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही श्रावणातच गेलो होतो, आणि आमचा बँड ठेवायचा की मोडायचा, हे त्या प्रवासात ठरणार होतं.

बँडचं नाव 'फाटक बंद'. पुण्यात रेल्वे फाटकाला लागून असलेल्या खोलीत सराव चालायचा. गाडी आली की आम्ही गप्प. नरेंद्र गिटार वाजवायचा आणि गायचा, बाळू ड्रमवर, मी कीबोर्डवर. सुरुवातीला कॅसेटवरून उतरवलेली इंग्रजी गाणी, मग स्वतःची, पण तीही इंग्रजीच, आणि मग भीत भीत मराठी. ऐकणारे मात्र तेच ते मित्र, तेही चहाच्या आशेने. नरेंद्र मूळचा धुळ्याकडचा. त्याने जळगावला एका मंडळाचा कार्यक्रम मिळवला आणि निघताना म्हणाला, "हा पडला तर पुरे. मी नोकरी बघतो."

शिवाजीनगरहून सकाळची एसटी धरली, औरंगाबादमार्गे. ड्रम टपावर, ताडपत्रीखाली. जाणार असाल तर अजिंठ्याच्या घाटात झोपू नका. मी झोपले आणि अजून हळहळते. जाग आली तेव्हा दोन्हीकडे कपाशी, तिच्यावर भुरभुर पाऊस, मधेच केळीचा काळोखा हिरवा मळा. टपावर बाळूची झांज किणकिणत होती. जागी आहे की झोपेत, हे मला बराच वेळ कळेना, आणि कळून घ्यावंसंही वाटेना.

जळगावात स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. शेवभाजी खाल्ली. 'कमी तिखट' सांगून काही उपयोग होत नाही, लिंबू मागून घ्यावं हे बरं. कार्यक्रम रात्री. तिसऱ्या गाण्याला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मंडळाचे अध्यक्ष विंगेत येऊन फार गोड आवाजात म्हणाले, "भाऊ, वाजवता छान तुम्ही. पण लोकांच्या ओळखीचं काही होऊन जाऊ द्या ना." नरेंद्रने ते गाणं पुरं केलं आणि गिटार पेटीत ठेवली. मला रडू येत होतं आणि बाळू वायरी गुंडाळत होता.

दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा करत धुळ्याची बस. नरेंद्रने आईला कानबाईला येतो असं कबूल केलं होतं, म्हणून जाणं भाग होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिकडे घरोघर कानबाई ही देवी बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर पोचवतात. गाव पांझरेच्या काठी. घरात पुरणाचा वास, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, आणि नरेंद्रची आई, सगळ्यांची अक्का, चुलीपाशी. आम्ही बँड मोडलाय हे तिला सांगायचं कुणी, यावर आमची खाणाखुणांनी चर्चा चालली होती.

संध्याकाळी बायका गायला बसल्या. वीज गेलेली, त्यामुळे माझा कीबोर्ड नुसता लाकडाचा ओंडका. त्या एक ओळ म्हणायच्या, शेवटच्या शब्दाआधी थांबायच्या, सगळ्या मिळून श्वास घ्यायच्या आणि मग तो शब्द. बाळूने पिठाचा रिकामा डबा ओढून ठेका धरला आणि दर खेपेला आधीच पोचला.

अक्का हसली. "घाई करी राहिना तू, भाऊ. आम्हले दम लेऊ दे."

बाळूने दम घेऊ दिला. मग ती एकच ओळ किती वेळ चालली कोण जाणे. समईच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसायला लागले, आणि त्या थांबण्यात मला आमचं फाटक आठवलं. नरेंद्र डोळे मिटून बसला होता.

सोमवारी कानबाई पोचवून परतलो. सपाटून भूक लागली होती. देव्हाऱ्यापाशी ताटात गव्हाच्या जाड पोळ्या होत्या. बाळूने एक उचलली, मोडून मला दिली आणि आम्ही दोघं चहात बुडवून खात सुटलो. नरेंद्र आत आला आणि जागीच थिजला. ते रोट होते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन करतात आणि फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात. परक्याने शिवायचेही नाहीत. मी हातातला तुकडा खाली ठेवला.

अक्का पदराला हात पुसत आली. "खाऊ दे. बठ्ठासना नावनी मूठ लिधी शे मी. हाई पोरनी बी." सगळ्यांच्या नावाची मूठ, माझीसुद्धा. मग नरेंद्रकडे वळली. "तू कवय बी बोलस ते 'आम्ही' म्हणस. मी काय समजाव?"

नरेंद्र आमच्याशेजारी येऊन बसला.

"आते भाऊबंद व्हयनात तुम्ही. आते येगळं व्हवानं नही," अक्का म्हणाली आणि त्याच्याही हातात रोट ठेवला. त्याने तो मुकाट्याने खाल्ला.

परतीला धुळ्याहून चाळीसगावची पॅसेंजर घ्या, हळू जाते तेच बरं. त्या डब्यात नरेंद्रने गिटार काढली आणि बायकांची ती ओळ वाजवली. शेवटच्या सुराआधी थांबला. आम्ही तिघांनी श्वास घेतला.

पुण्यात आल्यावर आमची गाणी हळू झाली, मोकळी झाली. बँड आणखी काही वर्षं चालला, एक कॅसेट निघाली, फार कुणी ऐकली नाही. पुढे नरेंद्र शेतीत गेला, बाळू नाशिकला. पण वेगळं असं कुणी झालं नाही.

अक्का आता नाही. गेल्या आठवड्यात नरेंद्रच्या बायकोचा फोन आला. "ताई, तुमनी मूठ लेवानी शे. येतस ना?"

मी बाळूला कळवलं. चाळीसगावला भेटतो म्हणाला. ड्रम आणतोस का, विचारलं, तर म्हणाला, तिथे पिठाचा डबा आहे.