वाट विचारून टायर देणारी हौसामावशी

सुमनचा फोन आला तेव्हा मी मुळशी धरणाच्या पाण्यामागच्या एका वाडीवर लसीकरणाला बसले होते. समोर आईच्या मांडीवर बाळ, माझ्या हातात सुई. "बाई, आत्याबाई गेल्या. दुपारी जेवून जरा कलंडल्या, त्या उठल्याच न्हाईत." आत्याबाई म्हणजे सुमनची सासू, पौडच्या पुढे फाट्यावर सायकलचं दुकान चालवणारी आमची हौसामावशी. मी फोन ठेवला, बाळाला सुई दिली, कार्डावर नोंद केली आणि मगच गोठ्यामागे जाऊन रडले. दुःख होतंच, पण खरं सांगते, त्याहून जास्त स्वतःची चीड आली होती. परभणीला बदली झाल्याचा कागद आठ दिवसांपासून माझ्या पर्समध्ये पडून होता. रोज दुकानावरून जायचे, रोज म्हणायचे, उद्या सांगू. आता कुणाला सांगणार?

तुम्ही म्हणाल, नर्सबाईची बदली, त्यात सायकलवालीला सांगण्यासारखं एवढं काय? तर ते अठ्ठ्याण्णव सालापासून सांगायला हवं. परभणीकडच्या सपाट मुलखातून मी नोकरीसाठी इथे आले. माझ्याकडे सहा वाड्या, आणि तिथे जायला सायकल. पावसाळा तोंडावर आला तसं मी पुण्याला जाऊन मोठ्या नक्षीचे जाडजूड टायर घेऊन आले. जाड टायर म्हणजे घसरणार नाही, हा माझा हिशेब. वर हवाही अशी ठासून भरली की बोट दाबलं तर बोटच दुखावं. पहिल्याच आठवड्यात भातखाचरांच्या वाटेवर तांबडा चिखल त्या नक्षीत आणि मडगार्डमध्ये असा काही गच्च बसला की चाक फिरेचना. मी थेट खाचरात. लसीचा डबा तेवढा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता, बाकी सगळी मी चिखलात! तशीच सायकल ओढत फाट्यावर गेले. दुकानात डोक्यावरून पदर घेतलेली, दातांना मिश्री लावत बसलेली एक बाई दिसली. मला वाटलं, मालकाची बायको असेल. मालक वारून तीन वर्षं झाली होती आणि पाना तिनेच हातात घेतला होता, हे मला कुठलं ठाऊक!

ती मला बघून पोट धरून हसली. मी इतकी भडकले की पर्समधून बदलीचा अर्ज काढून तिच्यापुढे नाचवला. हो, तो मी रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहून ठेवला होता. "आजच टाकते पोस्टात. नको मला तुमचा मुलूख!" तिने अर्जाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चाकावरचा चिखल नखाने खरवडला, दोन बोटांत चोळला आणि विचारलं, "कुठल्या वाटनं जातीस?" मी सांगितली. "मग ह्ये भोपळं कशापायी घातलंस? चिखलात बारीक टायर पायजे. रुततंय आन् खालची टणक जिमीन धरतंय. आमच्या मेंढरांचा खूर बघ की, केवढासा असतोय." तिने मडगार्ड काढून बाजूला ठेवले, बारीक टायर चढवले आणि म्हणाली, "एक पावसाळा काढ. मग टाक तुजा कागद." तो पावसाळा निघाला, नंतरचे अकराही निघाले. अर्ज कुठे गेला, देवाला ठाऊक.

मावशी धनगराची लेक. लहानपणापासून मेंढरांमागे या डोंगरात फिरलेली, त्यामुळे कुठली जमीन कुठल्या महिन्यात कशी वागते हे तिच्या तळपायांना माहीत. आणि गंमत म्हणजे बाईला सायकल चालवता येत नव्हती! आयुष्यात एकदाही सीटवर बसली नाही. मी शिकवते म्हटलं तर म्हणायची, "मला काय करायचीय सायकल? माजं दोन पाय लई हायेत." पण टायर द्यायचं ते वाट विचारूनच. भात काढून झालं की बांधांवरून काट्यांच्या वाटा सुरू होत. तेव्हा ती टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालून द्यायची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं, तळाचा गाळ वाळून भुसभुशीत झाला, की म्हणायची, "आता काढ तुजं भोपळं." मग तेच माझे जाड टायर चढत. त्यातली हवा ती अंगठा रुतेपर्यंत सोडायची. मी कळवळून म्हणायचे, "अहो मावशी, पंक्चरच दिसतंय की हे!" ती ऐकते होय? पण त्या मऊ टायरांवर धरणाच्या कोरड्या तळातून मी वळसा न घालता पलीकडच्या वाडीला जायचे... दोन्हीकडे चरणारी शेरडं, वर भणाणता वारा, आणि मध्येच तिशीतली नर्सबाई मोठ्यानं गाणं म्हणत चाललेली. इतक्या सुखात मी परभणीत कधी नव्हते.

चुकायचीही हं. एका वर्षी मुंग्या बघून तिने ठरवलं की पाऊस लवकर येतोय, आणि मे संपायच्या आत आम्हा सगळ्यांच्या सायकलींना बारीक टायर चढवून टाकले. पाऊस काही येईना. दूधवाला, पोस्टमन, मी, सगळे तीन आठवडे खडीवर घसरत होतो. पोस्टमनचं कोपर फुटलं. जाब विचारायला गेलो तर म्हणते कशी, "पाऊस चुकला, मी न्हाई." पुढे भूगाव-बावधनला इमारती उठल्या आणि रविवारी हेल्मेटवाली मंडळी महागड्या सायकली घेऊन यायला लागली. "सबसे अच्छा टायर दिखाओ," असं कुणी म्हटलं की मावशी पाना खाली ठेवायची. "आदी वाट सांगा." एक जण चिडून निघूनच गेला. सुमनने कपाळाला हात लावला, म्हणाली, "आत्याबाई, आलेलं गिऱ्हाईक घालवताय!" मावशीचं उत्तर ठरलेलं: "चुकीचं टायर दिलं तर त्यो माज्या नावानं पडंल."

अशा बाईला कसं सांगणार होते मी, की तिकडे आई एकटी आहे, मीच पुन्हा नवा अर्ज केला होता, आणि आता जातेय? तिने मला इथे ठेवून घेतलं, आणि मी गुपचूप निघायची तयारी करत होते. दहाव्यानंतर सुमनला भेटायला गेले तेव्हा मन घट्ट करून तिलाच सगळं सांगून टाकलं. सुमन शांतपणे म्हणाली, "त्यास्नी ठाऊक हुतं. तुमचा शिपाई हवा भराया आलता, त्यो बोलला."

"मग मला काहीच कसं बोलल्या नाहीत?"

"मी बी इचारलं. म्हनल्या, तिचं तिला सांगू दे. जीव गोळा करतीया." मग ती आत गेली आणि कागदात गुंडाळलेली टायरची नवी जोडी घेऊन आली. बारीक, माझ्या नेहमीच्या टायरांहूनही बारीक. "ह्ये पुण्यावरनं मागवलंय तुमच्यासाटी. भूगावला बांधकामावर परभणीकडची मान्सं हायेत न्हवं, त्यांना दुकानात बसवून च्या पाजला आन् तिकडची माती कशी, पावसात वाट कशी, समदं इचारून घेतलं. म्हनल्या, काळी माती लई चिकाट हाय, बाईला हितल्यापरास बारीक लागंल."

मी त्या टायरांवर तोंड ठेवून रडले, आणि खोटं कशाला सांगू, रडता रडता हसलेही. आठ दिवस मी उद्या-उद्या करत होते, आणि ही बाई तेवढ्यात माझी पुढची वाट विचारून मोकळी झाली होती!

आता मी परभणीत आहे. आईच्या अंगणात सायकल उलटी करून ते टायर मीच चढवले, मडगार्ड काढून ठेवले. परवा इथे पाऊस झाला. उपकेंद्रापासून पुढच्या वस्तीपर्यंत नुसता काळा राडा. बघणारे म्हणाले, सिस्टर, सायकल राहू द्या, चालत जा. मी गेले सायकलवरूनच. जाताना आणि येताना, एकदाही पाय टेकावा लागला नाही.