खाडीकडची भिंत

मिलकाबाई वाकरूळकर जुईनगरच्या सिडकोच्या घरात राहायला आल्या, तेव्हा यजमानांनी, हनोखरावांनी, आधी पश्चिम शोधली. खाडीकडची भिंत. "हिच्यावर खिळासुद्धा ठोकायचा नाही," म्हणाले. तिकडे यरुशलेम, ज्यू माणसाने तिकडेच तोंड करून प्रार्थना करायची. त्याच वर्षी एकुलता मुलगा एलायजा इस्रायलला, अश्दोदला गेला, आणि मिलकाबाईंना ती भिंत जास्तच जवळची वाटू लागली.

शेजारच्या सुचित्राने एकदा विचारलं, "मावशी, रोज भिंतीशी काय बोलता?"

"देवाशी गं. आणि देवाच्या पलीकडे माझं पोर आहे, त्याच्याशी थोडं."

पंच्याण्णव साली हनोखराव झोपेतच गेले. आमच्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत, मिलकाबाईंनी सुचित्राला सांगितलं. त्याच दिवशी पनवेलच्या कबरस्तानात माती झाली. फोनवर एलायजा नुसता रडत होता. विमान मिळालं असतं तरी तो वेळेत पोचला नसता. पुढच्या वर्षी येऊन तो आईला घेऊन गेला.

अश्दोदच्या घरातून समुद्र दिसायचा. पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, आठवड्याच्या पवित्र दिवसाचे दिवे लावून मिलकाबाई सवयीने पश्चिमेला, पाण्याकडे वळल्या.

"आई, तिकडे नाही," एलायजाने त्यांचे खांदे हलकेच धरून फिरवले. "इथून यरुशलेम पूर्वेला."

समोर कपाट होतं. मिलकाबाईंनी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच त्यांचा आवाज थांबला. पूर्वेला यरुशलेम. पुढे वाळवंट, मग समुद्र, मग पनवेलची ती माती. जन्मभर ज्या दिशेची ओढ होती ती इथे आल्यावर पाठीमागे गेली होती, आणि जे मागे टाकून आल्या ते समोर आलं होतं.

"काय झालं गं?"

"तुझे बाबा पण याच बाजूला आहेत रे. खूप लांब."

एलायजा टोपी नीट करून आईशेजारी उभा राहिला. बापाला माती देता आली नाही, हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. प्रार्थना संपली तरी दोघं तसेच उभे होते.

मिलकाबाई तिथेच राहिल्या. दर रविवारी सुचित्राला फोन करायच्या, आज भाजी काय केलीस, विचारायच्या. उत्तर ऐकताना त्यांचं तोंड पूर्वेलाच असायचं.