हेमालीची तिपाई

बांधावर तीन पायांचं काही उभं दिसलं की दयाराम हातातलं काम टाकून तिकडे धावायचा. त्याला कारणही तसंच होतं. मांडव्याच्या अलीकडे, खाडीकाठी त्याची भातशेती. तरुणपणी तिथे कुणा कंपनीची बूटवाली माणसं मोजणीची तिपाई लावून गेली होती. नुसतं बघतोय, म्हणाली होती. पुढे दयारामनं भोळेपणानं सही केली आणि अर्धी शेती कुंपणाआड गेली. तेव्हापासून तो ताकसुद्धा फुंकून प्यायचा.

अशा संशयी बापाच्या घरात हेमाली जन्मली आणि आभाळ बघायला निघाली. अलिबागला कॉलेज, मग मुंबई, मग पुण्याची संशोधन संस्था. आभाळ बघायचा पगार कोण देतो आणि कशापायी, हे दयारामला कधी पटलं नाही. सुरुवातीला ती तारे कसे जन्मतात ते अभ्यासायची. वायू नि धुळीचे थोरले ढग आकसत, तापत जातात आणि त्यातून तारा पेटतो, असं तिनं जेवताना समजावलं होतं. धुळीचा कुणी सातबारा काढत नाही, म्हणून तो निवांत जेवत राहिला. पण पुढे ती दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधू लागली, आणि कुठे पाणी असेल तेही. पाण्याची जागा म्हटल्यावर दयारामनं कान टवकारले. दलाल दुसरं काय बोलतात?

यंदा शिमग्याला ती घरी आली आणि गावातल्या पोरांना चंद्र दाखवायला संध्याकाळी बांधावर दुर्बीण लावली. तीन पायांवर. झालं, दयारामची पोरगीच मोजणीला आलीय, अशी कुजबुज सुरू झाली. शेजारच्या ठमाबाईनं तर तोंडावर विचारलं. दयारामला लाज वाटली. त्याहून वाईट म्हणजे, त्याला ते खरं वाटलं. तो तरातरा बांधावर गेला आणि पोरांना घरी पिटाळलं.

"ही जागा कुनासाठी बघतेस गो?"

हेमालीला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. इथली जागा नव्हे, ती म्हणाली. ती शोधते ते ग्रह इतके लांब आहेत की तिथे कुणी पोचणारच नाही. कुणासाठीच नाही, नुसतं बघायचं.

"नुसतं बघतोय, असंच सांगितलं व्हतं त्यांनी."

"बाबा, मी तुमची पोर हाय."

पुण्याला गेल्यापासून ती घरातही अशी गावची बोली बोलली नव्हती. दयाराम बांधावर टेकला आणि वर बघू लागला.

"तुज्या त्या ग्रहांवर मानसं असतील?"

"असतील बी. म्हाईत न्हाय."

"मंग त्यांना येवढं कळव," तो म्हणाला. "कुनी तीन पायांचं घेऊन आलं, तर सही करू नका."