कुठून भरलेली, कुठे रिकामी

आत्याच्या जुन्या संगणकात नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं, पेनड्राइव्हवरची फाइल उघडली, आणि ती जुळवत असलेल्या एका गुरुजींच्या आत्मचरित्रातलं ‘माझा जन्म’ हे प्रकरण इंग्रजी अक्षरांत जन्माला आलं.

“अरे शहाण्या,” आत्या चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली, “गुरुजींना पार साहेब करून ठेवलंस की!”

चूक शंभर टक्के माझी. आत्याची बावीस वर्षांची अक्षरजुळणी एकाच जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. तो विकणारा कधीच दुकान गुंडाळून गेला. फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता बाजार भरतो. मी ‘सगळं नवंकोरं’ करण्याच्या नादात एसएसडीवर कोरी विंडोज टाकून बसलो होतो. जुनी हार्डडिस्क टेबलावर टॉवेलात पडलेली, काढलेल्या दाढेसारखी.

आमच्या शाळेत एका संगणकाभोवती सात पोरं असायची. माझ्या वाट्याला माऊसची वायर यायची. त्या वायरीच्या जोरावर मी घराण्याचा इंजिनिअर झालो होतो.

आत्या मात्र खरी कामाची. एकोणिसाव्या वर्षी टाईपरायटरवर बसली, पुढे संगणकावर, पण बोटांचा जोर तोच. कीबोर्ड दर दोन वर्षांनी शरण येतो. घरात तिला सगळे टकटकआत्या म्हणतात. सकाळी ती संगणक चालू करायची आणि झाडू हातात घ्यायची. झाडून झालं, दूध तापलं, माझ्या आईला फोन करून माझ्या तक्रारी सांगून झाल्या, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतंच असायचं. “म्हातारबा उठतायत,” ती म्हणायची.

पण छापखानेवाल्यांचा धीर सुटला होता. “ताई, तुमचा म्हातारबा उठेपर्यंत माझं मशीन गंजतं. गुरुजींचं पुस्तक आज पाचपर्यंत हातात द्या, नाहीतर पुढची कामं कोपऱ्यावरच्या पोराला.” कोपऱ्यावरचा पोरगा ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ ऱ्हस्व काढतो. त्याच्याकडे काम जाणं म्हणजे आत्याला जिवंतपणी श्रद्धांजली. आणि तीही अशुद्ध.

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

उपाय एकच. म्हातारबाला, म्हणजे जुन्या डिस्कला, परत जोडायचं आणि त्याच्या पोटातलं सगळं, फॉन्टसकट, जसंच्या तसं एसएसडीवर उतरवून घ्यायचं. नऊ मिनिटांनी म्हातारबा उठले. पडद्यावर दोन डिस्कचे दोन लांबलचक नंबर आले. मी बटणावर झडप घालणार, तोच आत्याची पट्टी हातावर बसली.

“आधी वाचन.”

हा तिचा धंद्याचा नियम. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवायचं. वाचल्याशिवाय तिच्या हातून कागदाचा कपटाही छापायला जात नाही. तिने दोन्ही डिस्कवर चिठ्ठ्या चिकटवल्या, ‘भरलेली’ आणि ‘रिकामी’, आणि लेबलावरच्या नंबरावर बोट ठेवून बसली.

“वाच. कुठून?”

“शेवटी दोन-नऊ.”

“कुठे?”

“शेवटी सात-चार.”

आत्याचं बोट थांबलं. “सात-चार ही भरलेली आहे, गाढवा.”

मी रिकाम्या डिस्कवरचं ‘काही नाही’ बावीस वर्षांच्या कामावर ओतायला निघालो होतो. हात असे गार पडले की आत्याने त्यावर पाण्याची बाटली टेकवून पाहिली. “फ्रीज नको आता,” म्हणाली आणि इतकी हसली की खुर्चीचं चाक निघालं.

उलट्याचं सुलटं केलं, पुन्हा दोनदा वाचलं, मग बटण दाबलं. दीड तास ती टक्के असे बघत होती जणू दूध उतू जाणार आहे.

सव्वाचारला म्हातारबांना निवृत्त केलं. एसएसडी बसवताना चौथा स्क्रू घरंगळून जो गेला तो गेलाच. पळतच खालच्या मजल्यावर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रेडिओकाकांकडे गेलो. त्यांनी डबा उपसला, त्या मापाचा मिळेना. शेवटी स्वतःच्या, ऐकायच्या रेडिओचाच स्क्रू काढून दिला. “ताईंसाठी देतोय. उधार आहे हां, फुकट नाही!”

बटण दाबलं. आत्या सवयीने झाडू आणायला गेली. परत येते तर पडदा लखलखीत, आणि गुरुजी अस्सल मराठीत जन्मलेले.

“हे काय, तू बंद केलाच नव्हतास?”

“केला होता. उठलाय. अकरा सेकंदांत.”

“चल, थापाड्या!”

तिने स्वतः बंद केला. चालू केला. झाडू घेऊन दारापर्यंत पळाली, परत आली, संगणक जिंकलेला. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा शर्यत. साठीच्या बाईला धाप लागली, पण हार मान्य नव्हती. तेवढ्यात छापखानेवाल्यांचा फोन.

“ताई, झाला का संगणक चालू?”

“पाच वेळा!” आत्या ओरडली.

पाचला सहा मिनिटं कमी असताना एकशेबारा पानं छापखान्यात पोचली. पुढच्या पुस्तकाचं हस्तलिखित तिने येतानाच उचलून आणलं.

आता आत्याचं घर झाडायचं राहून जातं आणि माझ्या तक्रारी आईपर्यंत पोचत नाहीत. एसएसडीचे हे फायदे जाहिरातीत कुणी सांगत नाही. फक्त जिन्यात रेडिओकाका दिसले की मी फोन कानाला लावतो. त्यांच्या रेडिओत बातम्या देणारी बाई अजून थरथरत बोलते, आणि स्क्रू आत्याच्या संगणकात आहे.