अकरा मुलींची सारखीच उत्तरं

मला लिहायची सवय नाही. कॉलेजच्या अंकासाठी रिबेकाबाईंवर चार ओळी द्या, असं मुली तीनदा येऊन सांगून गेल्या, म्हणून लिहितो. नंदुरबारच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात त्या रेक्टर आहेत. मी निवृत्त कारकून, फाटकापाशी नोंदवही सांभाळतो.

बाई नवापूरकडच्या डोंगरातल्या. वडील स्टीफन शेती करून मजुरीलाही जात. बाई ठेंगण्या, चालणं भरभर. हसू आलं की आधी पदर तोंडावर नेतात, मग हसतात. दोन मुली भांडल्या की त्यांना एकाच ताटात जेवायला बसवतात.

यंदा विद्यापीठाने मोबाइलवर मनाच्या आरोग्याचे धडे सुरू केले. छोटे व्हिडिओ आणि खाली प्रश्न: झोप लागते का, जेवण जातं का, सगळं सोडून घरी जावंसं वाटतं का. दुसऱ्या धड्यानंतर तिथल्या समुपदेशक सुषमा मॅडमचा बाईंना फोन आला. आवाज घाबरलेला. तुमच्या अकरा मुलींना झोप नाही, भूक नाही, अकराही जणी कॉलेज सोडायच्या विचारात आहेत.

स्वयंपाक करणाऱ्या वत्सलाबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "झोप येत नही? सकायले उठाडता उठाडता मन्हा जीव जास. आनि भाकरी कोन खाई जास मंग, मांजर?"

बाई हसल्या, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं. आमच्याकडे शिष्यवृत्तीचा अर्ज असो की एसटीचा पास, जिला नीट भरता येतं ती सगळ्यांचा भरून टाकते. इथेही तसंच, एकीनेच अकरा जणींची उत्तरं भरली होती. म्हणजे दहा जणी मजेत होत्या. पण उत्तरं देणारी एक खरोखरच जायला निघाली होती, आणि ती कोण हे ठाऊक नव्हतं.

कोणी भरलं ते सरळ विचारा, असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, तसं विचारलं की मुलगी "काही नाही" म्हणते आणि सकाळच्या पहिल्या गाडीने घरी जाते. मागच्या वर्षी एक अशीच गेली, ती परत आली नाही.

रविवारी दुपारी बाईंनी तुरीच्या शेंगांची पाटी अंगणात ओतली, अकरा जणींना सोलायला बसवलं आणि फोनवर तोच धडा लावला. एकेक वाक्य झालं की फोन थांबवायच्या आणि घरच्या बोलीत समजावायच्या. व्हिडिओतला 'ताण' त्यांनी असा सांगितला: डोक्यावर दोन हंडे असताना कोणी तिसरा द्यावा, तसा. मग प्रश्न आले. पहिलं उत्तर त्यांनी स्वतःचं दिलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गातलं काही कळायचं नाही म्हणून त्या दोन महिने रोज रडायच्या. एकदा तर पेटी उचलून बसस्टँडवर गेल्या होत्या. "गाडी चुकली," त्या म्हणाल्या, "म्हणून रेक्टर झाले."

मुली हसल्या. बी.एस्सी.ला असलेली दामिनी तेवढी हसली नाही. हातातली शेंग तिने खाली ठेवली.

"बाई, ती उत्तरं माझी. खोटं लिहू नका, असं पहिल्याच धड्यात सांगितलं होतं. खरं मला फक्त माझंच ठाऊक होतं."

मग तिच्या खोलीतली सीमा म्हणाली, "मग माझ्या नावावर कशाला रडलीस? माझ्याजवळ येऊन रडायचं ना."

दामिनी रडता रडता हसायला लागली. इंग्रजीतले तास कळत नाहीत, चाचणीत नापास झाले, घरी सांगायची हिंमत नाही, हे सगळं तिथेच शेंगांच्या ढिगापाशी बाहेर आलं. बाईंनी सुषमा मॅडमला फोन लावून तिच्या हातात दिला. आता दर गुरुवारी दोघींचं बोलणं होतं, आणि रोज संध्याकाळी सीमा तिला वर्गातला धडा मराठीतून समजावते. बाकीच्या मुली प्रश्नांची उत्तरं आपापली देतात. फोन तीनच असल्याने रांग लागते आणि रांगेत भांडणंही होतात.

गेल्या आठवड्यात सकाळचे नऊ वाजले तरी दामिनी फाटकावर आली नाही. तिचं प्रॅक्टिकल होतं. मी काळजीने आत गेलो, तर बाई तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या.

"झोपू द्या, काका," त्या हळूच म्हणाल्या. "प्रॅक्टिकल पुन्हा होईल."

प्रॅक्टिकलच्या सरांना त्यांनी चिठ्ठी दिली. गैरहजेरीचं कारण लिहिलं होतं: गाढ झोप लागली. सरांनी सही केली.